माझ्या अक्षरातली एकतीस पत्रं

पुडक्याची सुतळी सोडली, वरचा तपकिरी कागद बाजूला केला आणि आत माझंच अक्षर निघालं. मी मागवली होती ती बाबांची पत्रं. माझा भाऊ लेम मिनेसोटात वारला त्याला अडीच वर्षं झाली. त्याच्या बायकोला, मारितला, मी ऑगस्टमध्ये रीतसर लिहिलं होतं की प्रोफेसर हॅलकही मार्चमध्ये गेले, तेव्हा त्यांनी लेमला लिहिलेली पत्रं असतील ती कृपा करून परत पाठवावीत. माणूस गेलं की त्याची पत्रं ज्याच्या त्याच्या घरी परत करायची, ही आमच्याकडची रीतच आहे. कुणी त्यात वाईट मानत नाही. त्याप्रमाणे पुडकं आलं, मी ते जेवणघरातल्या खिडकीपाशी घेऊन बसले, आणि बाबांच्या वळणाऐवजी ते उजवीकडे कललेलं, नीटनेटकं, कुणालाही वाचता यावं असं माझं अक्षर पानामागून पान माझ्याकडे बघत राहिलं. यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. शेवटची चौदा वर्षं बाबांना दिसत नव्हतं. ते सांगायचे आणि मी लिहायची, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? तरी दुसऱ्याचं म्हणून काहीतरी मागवावं आणि आपलंच उष्टं परत यावं, तसं वाटलं.

मोजली. एकतीस माझ्या अक्षरातली. बारा वर्षांत एकतीस. बाप-लेकांच्या मानानं हे फारच थोडं झालं, असं मिस्टर स्टोडर्ड म्हणणार. मिस्टर स्टोडर्ड म्हणजे बाबांचे विद्यार्थी. बाबांच्या जागेवर आता तेच ग्रीक शिकवतात आणि कॉलेजतर्फे बाबांचा स्मृतिग्रंथ सिद्ध करताहेत. मे महिन्यात ते प्रथम आले तेव्हा टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले होते, "व्याख्यानं आहेतच, मिस हॅलक. पण घरच्या पत्रांवाचून माणूस कळत नाही. थोडी घालू या." आणि मग जरा थांबून, "प्रस्तावनेत मी एक वाक्य लिहिलंय. 'त्यांची कन्या त्यांचे डोळे होती.' तुमची हरकत नाही ना?" मी म्हटलं होतं, त्यात एवढं काय विशेष? तसं म्हणताना मी लाजलेसुद्धा असेन. सेहेचाळीस वर्षांची बाई लाजली की कशी दिसते ते त्यांनी सभ्यपणानं पाहिलं नाही.

डोळे. मला वाटतं मी खरोखरच चांगले डोळे होते. सकाळी डेलिया, म्हणजे आमची स्वयंपाकीण, पोस्टातून पत्रं आणायची आणि बकव्हीटच्या धिरड्यांबरोबर ती टेबलावर ठेवायची. बाबा बशीच्या दोन्ही बाजूंना हात सपाट ठेवून बसायचे. चाळीस वर्षं वर्गात मुलांना पाठ म्हणायला लावताना ते असेच बसत. मी पाकीट फोडायची, कुणाचं आहे ते सांगायची आणि वाचायला लागायची. ही सकाळ माझी होती. दिवसभर मी बाकी कुणी नव्हते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मिशनच्या शिवणवर्गाला जायचं, शनिवारी घेवड्याच्या दाण्यांचं मडकं भट्टीत गेलं की नाही ते बघायचं, एवढाच माझा संसार. पण सकाळी साडेआठ ते साडेनऊ जग या घरात यायचं ते माझ्या तोंडून यायचं. बॉस्टनचं, न्यू हेवनचं, एकदा तर जर्मनीतल्या कुण्या विद्वानाचं. आणि कधीमधी, तीन-चार महिन्यांनी, मिनेसोटाचं. त्या दिवशी बाबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर अगदी हळू आपटायला लागायचं. त्यांना ते कळत नसावं.

लेम माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्याच्या केसांचा भांग मी पाडला, त्याचे मोजे मी विणले, आणि कॉलेजातून तो बाहेर पडला त्या उन्हाळ्यात, जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला बाबांनी सांगितल्यावर, "मला नाही म्हणता येणार, बाबा. ज्याला सांगायचं तो तिथं आहे असं मला वाटत नाही," असं तो म्हणाला, तेव्हा भाजीचं भांडं माझ्याच हातात होतं. बाबा ओरडले नाहीत. आमच्या घरात ओरडण्याची सोयच नव्हती. त्यांनी स्वतः प्रार्थना म्हटली, आम्ही जेवलो. आठवड्यानं लेम पश्चिमेकडे निघून गेला. शाळा शिकवू लागला, मग गव्हाची जमीन घेतली, मग एका नॉर्वेजियन सुताराच्या मुलीशी लग्न केलं. कारण एवढंसं होतं आणि ते आठशे कोस लांब जाऊन पडलं. मला वाटायचं, कुणीतरी एक वाक्य बोललं तर हे मिटेल. ते वाक्य कुणी बोलायचं याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता.

आणि मग ते वाक्य टपालानं आलं. अठराशे बहात्तर सालचा ऑक्टोबर. मला ते पत्र तोंडपाठ आहे. पाठ केलं नाही, झालं. गव्हाबद्दल, पावसाबद्दल, मुलगी झाली तिचं नाव आईचं ठेवलं, हॅना, त्याबद्दल. मग पान उलटल्यावर, वरून तिसऱ्या ओळीपासून: 'बाबा, मी पुष्कळ विचार केला. मी जे म्हटलं ते मागं घेऊ शकत नाही, पण ते ज्या तऱ्हेनं म्हटलं त्याबद्दल मला वाईट वाटतं. तुम्ही नुसतं ये म्हणालात तर आम्ही तिघं थँक्सगिव्हिंगला येऊ. नसेल म्हणायचं तर काही लिहू नका, मी समजेन.' मी पान उलटलं, दोन ओळी वाचल्या, माझे डोळे पुढं धावले, आणि मी सहा ओळी सोडून थेट 'तुमचा आज्ञाधारक' वर आले. आवाज कापला नाही. एक घोट कॉफी घेतली. बाबा म्हणाले, "बस, एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की डॉक्टरांनी बाबांना कसलाही धक्का बसू द्यायचा नाही असं बजावलंय. ते खरं होतं. असल्या वेळी खरी कारणं किती चटकन हाताशी येतात! हळूहळू सांगू, दुपारी सांगू, बाबांची तब्येत बघून सांगू. दुपारी बाबांनी उत्तर सांगायला घेतलं. गव्हाबद्दल समाधान, नातीला आशीर्वाद, हवामान. मी लिहिलं. बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्यानं आणखी काही विचारलं नव्हतं ना? उत्तर द्यायचं राहायला नको." मी दौतीत टाक बुडवला आणि "नाही" म्हटलं. ते पत्र आता माझ्यासमोर आहे. एकतिसांतलं अकरावं. 'नाही' त्यात कुठंच नाही, पण शाईचा एक ठिपका आहे तिथं मी थांबले होते.

धक्क्याचं कारण मी पुष्कळ वर्षं वापरलं आणि ते झिजून गेलं. खालून जे दिसायला लागलं ते फार लहान होतं, म्हणून जास्त लाजिरवाणं. त्याच्या आधीच्या वर्षी कॉलेजातल्या गणिताच्या मिस्टर लायमननी मला मागणी घातली होती. चांगला माणूस. चालताना डोकं खाली, पण माझ्याशी बोलताना वर. मी म्हटलं, बाबांना वाचून कोण दाखवील? ते म्हणाले, मी थांबतो. वर्षभर थांबले आणि मग ओहायोला गेले. आता लेम बायकोला घेऊन आला, राहिला, आणि त्या सुताराच्या मुलीनं एके सकाळी सहज पत्र उचलून बाबांना वाचून दाखवलं, तर? तर मी लायमनना जे सांगितलं ते काय होतं? माझं 'नाही' ज्या खुंटीवर टांगलं होतं तीच कुणीतरी हसत काढून घेतली असती. सहा ओळी गाळताना माझ्या मनात एवढं सगळं आलं असेल का? मला वाटतं आलं होतं. माणसाचं मन फार चलाख असतं, कबूल तेवढं सावकाश करतं.

एकतीस माझ्या अक्षरातली, आणि पुडक्याच्या तळाशी एक निराळं पाकीट होतं. त्यावर लेमचा पत्ता होता, पण लिहिणाऱ्यानं प्रत्येक अक्षर वेगळं, मोठं, चौकोनी ठसा मारल्यासारखं काढलेलं. आतला कागद उघडला. बाबांचं अक्षर. पट्टी ठेवून तिच्या काठानं लिहिलेलं असणार, कारण ओळी खालून कापल्यासारख्या सरळ होत्या. मधेच पट्टी सरकवायची राहिली तिथं दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. तारीख, सहा नोव्हेंबर अठराशे बहात्तर.

मी वाचलं नाही. पाकीट घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. डेलिया सफरचंदं सोलत होती. तेवीस वर्षं ती या घरात आहे. आयर्लंडमधून बोटीनं आली तेव्हा तिला बटाटे उकडणं आणि जपमाळ ओढणं सोडून काही येत नव्हतं असं ती स्वतःच सांगते. पिठाच्या पिंपावर कारखान्याचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत छापलेलं आहे. मी पाकीट त्या पिंपावर ठेवलं. दोन्ही लिखाणं शेजारी-शेजारी आली, वळण एकच होतं.

"हे कुणी लिहिलं, डेलिया?"

तिनं हात पुसले. पाकिटाकडे बघितलं. मग म्हणाली, "मिनेसोटातले दोन 'एन' जमले नव्हते बघा. तीनदा खोडले मी."

"तुला वाचता येतं?"

"येतं आता. सावकाश. साहेबांनी शिकवलं." मग माझा चेहरा बघून खुर्ची ओढून दिली. "बसा आधी. सफरचंदाचा तुकडा देऊ का? नको? मग बसा नुसत्या."

"कधी शिकवलं?"

"तुम्ही शिवायला जायच्या ना, मंगळवार-शुक्रवार? साहेब म्हणायचे, पुढच्या खोलीत गारठतो, मी चुलीपाशी बसतो. बसले म्हणजे काय गप्प बसणार? म्हणाले, डेलिया, तुला अक्षरं येतात का? मी म्हटलं, साहेब, मला पिंपावरचं पीठ ओळखता येतं ते पुष्कळ झालं. तर म्हणाले, मग पिंपापासूनच सुरू करू. पाटीवर हे एवढालं अक्षर खडूनं काढायचे, बोटानं चाचपून बघायचे बरोबर आलं का. ग्रीकच्या मास्तरला आंधळेपणी आयरिश बाई शिष्य मिळाली. मी हसायची, तेही हसायचे."

बाबा हसायचे. या घरात, मंगळवारी, चुलीपाशी. मी त्या वेळी चर्चच्या तळघरात हवाईतल्या मुलांसाठी झबली शिवत होते.

"आणि हे?" मी म्हटलं.

"ते होय." तिनं सफरचंद पुन्हा उचललं, हात रिकामे असले की तिला बोलता येत नाही. "तुमच्या भावाचं पत्र आलं त्या आठवड्यातल्या शुक्रवारी. तुम्ही बाहेर पडलात तशी म्हणाले, माझ्या मेजातून वरचं पत्र आण. आणलं. म्हणाले, वाच. मी म्हटलं, साहेब, मला अजून अक्षरं जोडता येत नाहीत. म्हणाले, सगळं अक्षर-अक्षर सांग, मी जोडतो. दीड तास लागला बघा. माझी चूल विझली. दुसऱ्या पानावर आले आणि त्यांनी हात वर केला. म्हणाले, थांब. पुन्हा. मी पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, चाळीस वर्षं पोरांचे पाठ ऐकले, डेलिया. ओळ गाळली की आवाज एक पायरी चुकतो."

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. तिथंच, धिरड्यांपाशी, मी कॉफीचा घोट घेत होते तेव्हा. आणि दुपारी, 'त्यानं आणखी काही विचारलं नव्हतं ना?' हे त्यांनी मला विचारलं होतं ते आठवणीसाठी नव्हे. त्यांनी मला पाठ पुन्हा म्हणायची संधी दिली होती. वर्गात द्यायचे तशी, न रागावता.

मी तिथंच बसून पत्र वाचलं. मला त्यांचं अक्षर एकमेकांवर चढलेलं असलं तरी लागतं.

'लेम, तुझं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं गेलं. दुसऱ्या वेळी ते जास्त लांब होतं. तू मागतोस तो शब्द मी लिहितो. ये. तुझ्या बायकोला आणि हॅनाला घेऊन ये. प्रार्थना मी म्हणेन, तू नुसता शेजारी बस. पण एक कर. थर्झाला लिही, आणि तिनं बोलावलं म्हणजे ये. तिनं त्या ओळी का सोडल्या मला माहीत नाही. तिचं काही कारण असेल. तीन वर्षं हे घर तिच्या हातांवर चाललं आहे. तिच्या पाठीमागून मी दार उघडलं तर उद्या तिच्यासमोर कसा बसू? मी तिला विचारणार नाही, आणि हे पत्र तूही तिला दाखवू नकोस. तिचं तिला बोलावू दे. ती बोलावील. मी तिला ओळखतो. तुझा बाप, एनॉक हॅलक.'

ती बोलावील. मी तिला ओळखतो. डेलियाच्या सुरीखालून सफरचंदाचं साल एक लांब फीत होऊन उतरत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठं बघावं ते सुचेना.

लेमनं मला लिहिलं होतं. त्र्याहत्तरचा जानेवारी. पाकिटावर फक्त माझं नाव, म्हणून ते मी टेबलावर वाचलंच नाही. खोलीत जाऊन वाचलं. 'थर्झा, वसंतात आम्हाला तुमच्याकडे जागा होईल का? मारितला तुला भेटायचं आहे. तू म्हणशील तसं.' 'तू म्हणशील तसं'च्या खाली रेघ होती. मला ती रेघ आवडली नव्हती. मला वाटलं, बाबांकडून उत्तर आलं नाही म्हणून आता माझ्या बाजूनं शिरकाव करतोय. एकतिसांतली तीस बाबांनी सांगितलेली आहेत. बारावं माझं स्वतःचं आहे. तेही मारितनं तारखेप्रमाणे लावून ठेवलं होतं. मी जेवणघरात जाऊन ते काढलं. उत्तरेच्या खोलीचं छत पडलंय, लिहिलं होतं मी. बाबांची छाती बरी नसते. मुलीला एवढ्या लांबच्या प्रवासात जपायला हवं. पुढच्या वर्षी बघू. तुझी प्रेमळ बहीण. छताचा गिलावा खरंच पडला होता. आठ दिवसांत दुरुस्त झाला. लेमनं त्यानंतर कधी विचारलं नाही आणि मी त्याला एवढाच अर्थ दिला, की त्याला तितकीशी इच्छा नव्हती. आता कळतं की त्यानं ते पत्र वाचलं तेव्हा बाबांचा 'ये' त्याच्या खिशात होता. त्याला येता येत होतं. त्यानं नुसतं बाबांचं पत्र माझ्यापुढं धरायला हवं होतं. ज्या बहिणीनं भांग पाडला तिला त्यानं तसं उघडं पाडलं नाही. आठ वर्षं तो तिकडे गहू पेरत राहिला आणि दर तीन-चार महिन्यांनी हवामान कळवत राहिला. मी ते हवामान स्पष्ट आवाजात, एकही ओळ न गाळता वाचत होते.

आणि दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, बाबा विचारायचे, "लेमनं तुला काही लिहिलं का?" तुला. मला वाटायचं, म्हातारपणामुळं विसरतात. लेमची पत्रं काय आता मला येतात? मी म्हणायची, "नाही बाबा, तुम्हालाच येतात ना सगळी." ते मान हलवायचे. टर्की कापायला सांगायचे. एकदा, अठ्ठ्याहत्तर साली असेल, त्यांनी टेबलावर हात फिरवून ताटं मोजली होती. दोन. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, मीठ. मी त्यांच्या हातात मीठ दिलं.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत मारितचं पत्र आलं. लेमला न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत गेला. तिची इंग्रजी मोडकी आहे. वाक्यं छोटी छोटी. ते मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. बाबांनी दोन्ही वेळा ऐकलं, आणि मग इतक्या हलक्या आवाजात की मला नीट आठवतही नाही, म्हणाले, "सारखंच आहे." तेव्हा मला वाटलं, ते मृत्यूबद्दल काही म्हणत होते.

मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. डेलियानं ॲपल पाय भट्टीत सारला होता आणि ती ओटा पुसत होती.

"त्यांनी मला कधीच का नाही विचारलं, डेलिया? अकरा वर्षं! एकदा रागावून तरी विचारायचं."

"मी सांगितलं ना त्यांना. दर वर्षी सांगायची. म्हटलं, साहेब, विचारून टाका एकदाचं, बाई काय खाणार आहे का तुम्हाला? तर म्हणायचे..." ती थांबली.

"सांग."

"राग मानायचा नाही मग."

"सांग, डेलिया."

"म्हणायचे, विचारलं तर ती खरं सांगेल. तिला खोटं टिकवता येत नाही, नुसतं गाळता येतं. आणि एकदा खरं सांगितलं की ती माझ्यासमोर सकाळी बसायची नाही. लाजेनं कुठंतरी निघून जाईल. मग मला वाचून कोण दाखवील?" डेलियानं फडकं पिळलं. "मी म्हटलं, मी आहे की! तर हसले. म्हणाले, तू फार सावकाश वाचतेस."

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांचा राग आला, आणि तो त्यांना मातीआड होऊन सात महिने झाल्यावर. मी सकाळ राखण्यासाठी भाऊ घालवला. त्यांनी तीच सकाळ राखण्यासाठी मुलगा. कॉफीच्या किटलीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते, दोघांना सगळं माहीत. आणि आम्ही एकमेकांशी किती चांगले वागत होतो! कधी आवाज चढला नाही. गावातले लोक म्हणायचे, बाप-लेकीनं असं असावं. राग फार वेळ टिकला नाही. पट्टीच्या काठानं चाचपडत लिहिलेलं 'ती बोलावील' पुन्हा डोळ्यांपुढं आलं. राग मला परवडण्यासारखा नव्हता. त्यांनी निदान एकदा 'ये' लिहिलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मिस्टर स्टोडर्ड आले. मी त्यांच्यापुढं बाबांचं पत्र ठेवलं, शेजारी माझं बारावं, आणि काय झालं ते सगळं सांगितलं. सांगताना माझे हात मांडीवर नुसते पडून होते. ते सभ्य आहेत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी दोन्ही कागद दोन बोटांत धरून अलगद बाजूला सरकवले.

"हे घरचं आहे, मिस हॅलक. आपण हे गाळू या."

"तुम्हीच म्हणाला होता, घरच्या पत्रांवाचून माणूस कळत नाही."

"म्हणालो होतो. पण लोक गैरसमज करतील. तुमच्याबद्दल, आणि..." त्यांनी भिंतीवरच्या बाबांच्या तसबिरीकडे बघितलं. "त्यांच्याबद्दलही. जर्मन विद्वानाशी झालेला पत्रव्यवहार घेऊ. तो सुरेख आहे."

"मग निदान ते वाक्य काढा. डोळ्यांचं."

त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. उठताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ते वाक्य राहू द्या. ती आम्हा विद्यार्थ्यांची भावना आहे." त्यांच्या आवाजात इतका गोडवा होता, इतकी काळजी होती, की मला तो आवाज नीट ओळखता आला. असाच मी अकरा वर्षं वाचत होते.

ते गेल्यावर मी बाबांच्या मेजाशी बसले. मारितच्या पुडक्यात तिची चार ओळींची चिठ्ठी होती. 'तुम्ही मागितली म्हणून पाठवते. लेम म्हणाला होता, बहिणीनं मागितली तरच द्यायची, मागितली नाही तर तिला त्रास द्यायचा नाही. हॅना अकरा वर्षांची आहे. तिला तुमची नावं माहीत आहेत.' बस. काही मागणं नाही, तक्रार नाही. मी कोरा कागद घेतला आणि माझ्या लक्षात आलं की हिला काय म्हणून हाक मारायची तेच मला माहीत नाही. एकतीस पत्रांत एकदाही तिचं नाव नाही. बाबांनी सांगितलं असेल आणि मी 'तुझ्या घरच्यांना नमस्कार' असं लिहिलं असेल. आता कोण सांगणार? ऑगस्टमधल्या माझ्या विनंतीतसुद्धा मी 'महोदया' लिहिलं होतं. चौदा वर्षं मी लिहीत आले, उत्तम लिहीत आले, पण ते सगळं दुसऱ्यानं सांगितलेलं. माझं म्हणून जे एक लिहिलं ते छताबद्दल होतं. 'प्रिय मारित' एवढं काढलं आणि टाक वाळला. पुन्हा बुडवला, पुन्हा वाळला. लेमबद्दल लिहावं तर तो तिचा होता. माफी मागावी तर आधी गुन्हा सांगायला हवा, आणि गुन्हा सांगायला लागले की माझ्या हाताखाली आपोआप डॉक्टर येत होते, बाबांची छाती येत होती. तीन कागद मी फाडले. तिन्हींवर सुबक अक्षर होतं.

मग मी डेलियाला हाक मारली.

ती हात पुसत दारात उभी राहिली. मी म्हटलं, "बस. तू सांग, मी लिहिते."

"मी? प्रोफेसरच्या मेजापाशी?" ती बाबांच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. "काय सांगू?"

"तुला सांगावंसं वाटेल ते."

तिनं थोडा विचार केला. मग, जसं बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, एकेक करून सांगायला लागली. "लिहा. घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. लिहिलं? छत ठीक आहे. पोरीला घेऊन ये, थँक्सगिव्हिंगला ये, नाही जमलं तर नंतर कधीही ये. ॲपल पाय मी करीन, डेलिया करील असं लिहा. तुझ्या नवऱ्याला त्याच्या बापानं बोलावलं होतं. तो आला नाही त्यात त्याची चूक नव्हती, बापाचीही नव्हती म्हणा, थोडी होती. ते राहू द्या. लिहा, चूक माझी होती."

मी टाक उचलला. "कुणाची लिहू?"

"माझी म्हणजे तुमची, मिस थर्झा. लिहितंय कोण?"

मी लिहिलं. तिनं उठून माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, ओलसर बोट ओळीखाली धरून अक्षर-अक्षर जुळवत, ओठ हलवत, फार सावकाश वाचलं, आणि सगळं आहे याची खात्री झाल्यावर मान हलवली.